गोव्यातल्या घरात खाऱ्या पाण्याची नवी टाकी: सायकलच्या दिवसांत अमोनिया कसा सांभाळावा

नव्या खाऱ्या टाकीत मासे मरतात ते बहुतेक वेळा पहिल्या पंधरवड्यात, आणि तेव्हा पाणी अगदी नितळ दिसत असते. अमोनियाला रंग नाही. माशाला त्रास होण्याइतका तो पाण्यात असला तरी आपल्या नाकाला वासही येत नाही. म्हणून खालची सगळी कामे मासा आणण्याआधीची आहेत. टाकीत जिवंत काही नसताना अमोनिया आपण स्वतः, मोजून घालायचा, तो खाणारे जिवाणू वाढवायचे आणि ते पुरेसे झाल्याचा पुरावा मिळाला की मगच मासा आणायचा. या तयारीलाच टाकीची सायकल म्हणतात.

खाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त का बाधतो

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे बरेचसे निरुपद्रवी, आणि दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून आत शिरतो आणि मासा मारतो. दोघांचे प्रमाण पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा) आणि तापमानावर ठरते. गोड्या पाण्याच्या टाकीत पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही मोकळा नसतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ धरा. २४ अंशांना साधारण ६ टक्के, २८ अंशांना ८ टक्के आणि ३१ अंशांना जवळजवळ १० टक्के अमोनिया मोकळा असतो. एप्रिल-मे महिन्यांत पणजीत किंवा मडगावात पंख्याखाली ठेवलेली टाकी ३१ अंशांवर सहज जाते. म्हणजे पाणी तपासायच्या किटवर आकडा तोच दिसला तरी आपल्याकडे उन्हाळ्यात तो अधिक घातक असतो. गोड्या पाण्याचे मासे वर्षानुवर्षे पाळलेली माणसेही इथे चुकतात, कारण ज्या आकड्याने त्यांच्या गप्पीला काही झाले नव्हते तो आकडा इथे क्लाउनफिशचे कल्ले जाळतो.

पुढचा प्रवास ठरलेला आहे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. १ पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) अमोनियातून सुमारे २.७ पीपीएम नायट्राइट आणि शेवटी ३.६ पीपीएम नायट्रेट तयार होते. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे बरेच कोडे त्यांनीच सुटते.

पाणी, मीठ, दगड, वाळू

नळाचे पाणी ओपाहून येवो, साळावलीहून येवो की अस्नोड्याहून, त्यात क्लोरीन असतेच, आणि क्लोरीन जिवाणू मारायलाच घातलेले असते. विहिरीच्या पाण्यात जांभ्या मातीतले लोह येते, किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. आरओचे पाणी वापरा आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा एक टप्पा लावा. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ० ते ५ दिसले पाहिजे. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये बऱ्याचदा चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याचा किंवा खनिजे घालण्याचा भाग असतो. तो बंद केल्याशिवाय ते पाणी टाकीला घेऊ नका.

समुद्र दाराशी असताना मीठ विकत का घ्यायचे, हा प्रश्न गोव्यात प्रत्येकाला पडतो. पावसाळ्यात मांडवी आणि झुवारी इतके गोडे पाणी आणि गाळ आणतात की किनाऱ्याजवळची क्षारता पार कोसळते. पावसाळ्याच्या आगेमागे किनाऱ्यांवर डांबराचे गोळे लागतात. त्यात जहाजे, ट्रॉलर आणि गटारे यांची भर. सायकलच्या काळात, जेव्हा आपल्याला पाण्यातली प्रत्येक गोष्ट माहीत असायला हवी, तेव्हा हे पाणी नको. मत्स्यालयाचे तयार मीठ घ्या. स्वयंपाकाचे मीठ अजिबात चालत नाही.

उदाहरणासाठी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी घेऊ. कागदावर ती १८२ लिटरची भरते, पण वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा जाता खरे पाणी १५० लिटरच्या आसपास असते. पुढचे सगळे हिशेब १५० लिटरचे आहेत. मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. दगड ठेवण्याआधी टाकीतच मीठ विरघळवले तर चालते. पंप लावून एक पूर्ण दिवस फिरू द्या. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास यायला हवे. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य जुळवले तर वरच्या टोकाला फरक राहू शकतो.

वाफ होऊन पाणी कमी झाले की साधे आरओचे पाणी भरा. पाणीच उडते, मीठ मागे राहते. खारे पाणी भरत गेलात तर क्षारता चढत जाते.

दगड कोरडाच घ्या, १२ ते १५ किलो. जांभा टाकीत नको, त्यात लोह भरपूर. ग्रांदे बेटाच्या बाजूने प्रवाळाचे तुकडे आणण्याचा विचारही करू नका. भित्तिका बांधणारी प्रवाळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. किनाऱ्याची वाळूही नको: ती मुख्यतः सिलिकाची असते आणि तिच्यातले काळे कण लोहचुंबकाला चिकटतात, हे कुणीही घरी करून पाहू शकतो. ॲरागोनाइट (चुनखडीची) वाळू तीन सेंटिमीटर थर बसेल एवढी, सुमारे १८ किलो, धुऊन घाला. कोरड्या दगडावर जुने वाळलेले जीव असतील तर आधी तो आठवडाभर बादलीत भिजवून ठेवा आणि पाणी टाकून द्या, नाहीतर न मोजलेला अमोनिया टाकीत येतो आणि पुढचे सगळे आकडे बिघडतात.

सुंगट की नवसागर

जुनी पद्धत अशी: बाजारातून एक कच्चे सुंगट (कोळंबी) आणून टाकीत टाकायचे आणि कुजू द्यायचे. ती चालते, हे मान्य. दहा ग्रॅम सोललेले सुंगट पूर्ण कुजले तर १५० लिटरमध्ये अडीच पीपीएमच्या घरात अमोनिया निघतो. पण तो कधी निघेल, कुठल्या दिवशी किती, हे आपल्या हातात राहत नाही. गोव्याच्या उकाड्यात दोन दिवसांत पाणी दुधाळ होते, कुजवणारे जिवाणू प्राणवायू खेचून घेतात, फॉस्फेट वाढते आणि घरात वास सुटतो. शिवाय बाजारातल्या सुंगटांवर काळे डाग पडू नयेत म्हणून कधीकधी मेटाबायसल्फाइट लावलेले असते, जे स्वतःच पाण्यातला प्राणवायू खाते. आमचे मत स्पष्ट आहे: सुंगटे जेवणातल्या हुमणासाठी ठेवा.

टाकीसाठी अमोनियम क्लोराइड वापरा. आपल्याकडे त्याला नवसागर म्हणतात, कल्हई करणारे भांड्याला लावतात तोच. मात्र कल्हईसाठी मिळणारा नवसागर शुद्धतेच्या भरवशाचा नसतो. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्याकडून शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. शंभर ग्रॅमची बाटली वर्षानुवर्षे पुरते.

द्रावण असे करा. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर १५.७ ग्रॅम अमोनियम क्लोराइड मोजा, थोड्या आरओच्या पाण्यात विरघळवा आणि मग पाणी घालून एकूण ५०० मिलिलिटर करा. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम अमोनिया असतो. म्हणजे १०० लिटरमध्ये १० मिलिलिटर घातले की १ पीपीएम. आपल्या १५० लिटरला २ पीपीएमसाठी ३० मिलिलिटर लागतील. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

घरातला साफसफाईचा अमोनिया वापरायचा मोह होईल. त्यात साबण किंवा सुगंध असतो, आणि बाटली हलवल्यावर फेस टिकला तर ती टाकीसाठी बादच.

जिवाणू आणि टाकीची तयारी

बाटलीतले जिवाणू घेणार असाल तर ते खाऱ्या पाण्याचेच घ्या आणि मुदत तपासा. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत चार दिवस तापलेली बाटली बऱ्याचदा मेलेली असते, म्हणून शक्य तर दुकानातल्या फ्रिजमधून काढलेली घ्या. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे ओळखीच्या निरोगी टाकीतला एखादा दगड किंवा फिल्टरमधले सिरॅमिकचे तुकडे, ओले ठेवून तासाभरात आणलेले. त्यांच्याबरोबर त्या टाकीतले रोगजंतूही येतात, हे लक्षात ठेवून कुणाची टाकी ते ठरवा.

जिवाणू घालताना यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) पहिले चार-पाच दिवस बंद. उजेडाचा दिवा पूर्ण सायकलभर बंदच ठेवा. या जिवाणूंना उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो. पंप मात्र रात्रंदिवस चालू, आणि त्याचे तोंड पृष्ठभागावर लाटा उठतील असे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो, आणि ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा मिलिग्रॅम मावतो. हवेचा बुडबुडा-पंप जोडलात तर उत्तम.

२७ ते ३० अंश तापमान जिवाणूंना मानवते. मासा नसताना पाणी थंड करणाऱ्या चिलरवर वीज घालवायची गरज नाही. ३२च्या वर जाऊ लागले तर पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडा. पावसाळ्याच्या दमट हवेत पंख्याचा गारवा कमी पडतो. तेव्हा खोलीचे तापमानही उतरलेले असते, ही त्यातल्या त्यात सोय.

रोजचे काम

पहिल्या दिवशी २ पीपीएमचा डोस घाला, तासाभराने मोजा. इथे दोन गोष्टी कळतात. किटवर ३ दिसले तर तुमच्या टाकीत तुम्ही समजता त्याहून कमी पाणी आहे, आणि पुढचे डोस त्या प्रमाणात कमी करा. १.६ च्या आसपास दिसले तर किटचे माहितीपत्रक वाचा: काही किट अमोनिया दाखवतात, काही त्यातला फक्त नायट्रोजन, आणि दोघांत १.२ पटीचा फरक असतो. मग जिवाणू घाला.

किट सॅलिसिलेट पद्धतीचे घ्या, पिवळ्याचे हिरवे होणारे. नेस्लरच्या किटमध्ये पारा असतो आणि खाऱ्या पाण्यात ते गढूळ होऊन फसवते. रंग दिवसा खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पाहा. एलईडीच्या पिवळट उजेडात ० आणि ०.२५ यांतला फरक कळत नाही. शंका आली तर नुकतेच तयार केलेले खारे पाणी दुसऱ्या नळीत तपासा आणि दोन्ही नळ्या शेजारी धरा. तेही ०.२५ दाखवत असेल तर दोष किटचा आहे.

यानंतर एक दिवसाआड अमोनिया मोजा आणि तारीख, तापमान, अमोनिया, नायट्राइट असे चार रकाने भरत जा. अमोनिया ०.५च्या खाली आला की पुन्हा २ पीपीएमचा डोस. त्याआधी नाही. जिवाणू बाळसे धरण्याआधी अमोनिया ५ पीपीएमच्या वर नेला तर त्यांचीच वाढ रोखली जाते. घाईने डोस वाढवणाऱ्याची सायकल लांबते ती यामुळे. चुकून जास्त पडला असेल तर पाणी बदला. त्यात काही बिघडत नाही, जिवाणू दगडावर आणि वाळूवर चिकटलेले असतात, पाण्यात फार थोडे.

बाटलीतले जिवाणू जिवंत असतील तर चार ते सात दिवसांत नायट्राइट दिसू लागते. नुसत्या कोरड्या दगडावर, काही न घालता, दोन-तीन आठवडे काहीच हलत नाही. नायट्राइट दिसू लागले की तेही मोजायचे. दोन डोस पचले म्हणजे नायट्राइट ११ पीपीएमच्या घरात, आणि बहुतेक किटचा रंगपट्टा ५ला संपतो. तेव्हा टाकीचे एक भाग पाणी आणि आरओचे नऊ भाग मिसळून तपासा आणि आकडा दहाने गुणा. नायट्राइट ५च्या वर असेल तर अमोनियाचा डोस थांबवा. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शिरू देत नाही, म्हणून माशाला ते गोड्या पाण्याइतके भोवत नाही. पण आकडा न उतरणे म्हणजे दुसरा गट अजून तयार नाही. नायट्रेटचे किट या काळात बाजूला ठेवा. नायट्राइट असताना ते खूप फुगवलेला आकडा दाखवते.

आणखी एक मोजमाप बहुतेक जण विसरतात: क्षारधर्म, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, जी डीकेएचमध्ये मोजतात. प्रत्येक १ पीपीएम अमोनिया पचताना सुमारे ०.३३ डीकेएच खर्च होतो. चार डोस, म्हणजे ८ पीपीएम, पचवले की अडीच डीकेएचहून जास्त गेला. मिठाने ८ डीकेएच दिला असेल तर आता ५ उरला; पीएच घसरतो आणि जिवाणू मंदावतात. आठवड्यातून एकदा मोजा आणि ७च्या खाली जाऊ देऊ नका. खाण्याचा सोडा चालतो, बेकिंग पावडर नाही: १५० लिटरला १ डीकेएच वाढवायला ४.५ ग्रॅम, कपभर आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या झोतात हळूहळू.

अडले तर

दहा दिवसांत अमोनिया तिळभरही उतरला नाही, तर बाटलीतले जिवाणू मेलेले होते असे समजा आणि दुसरी बाटली घाला. त्याआधी पीएच ७.८ ते ८.४ आणि क्षारता ३५च्या आसपास असल्याची खात्री करा, आणि त्या टाकीत पूर्वी तांब्याचे औषध वापरले होते का ते आठवून पाहा.

अमोनिया झटपट शून्य होतो पण नायट्राइट तीन आठवडे ढिम्म, हे कोरडा दगड आणि आरओच्या पाण्याच्या टाकीत फार दिसते. कारण बऱ्याचदा फॉस्फेट असते. जिवाणूंनाही वाढायला थोडे फॉस्फेट लागते आणि इतक्या स्वच्छ टाकीत ते नसते. माशांच्या खाद्याची एक चिमूट टाका, चार-पाच दिवस वाट पाहा. नायट्राइट १५-२०च्या पुढे असेल तर अर्धे पाणी बदला.

अमोनिया उगाच वाढतो आहे, डोस दिलेला नसताना? वाळूत काही मेले आहे का बघा. आणि घरात काय चालले आहे तेही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी गोव्यातले प्रत्येक घर धुतले, रंगवले जाते. काच पुसायच्या काही द्रावणांत अमोनियाच असतो आणि बुडबुडा-पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. त्या दिवसांत टाकी झाका आणि तो पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी लांब करा.

चवथीवरून आणखी एक. पाच दिवस मूळ घरी जाणार असाल तर त्या आठवड्यात सायकल संपवून मासे आणू नका. रिकामी टाकी पाच दिवस मजेत राहते, नवा मासा राहत नाही.

संपली हे कसे ओळखायचे

सायकल किती दिवसांची, याला बाटलीसह दोन-तीन आठवडे आणि तिच्याशिवाय पाच-सात आठवडे हे उत्तर आहे, पण कॅलेंडर पाहून मासा आणू नका. संध्याकाळी २ पीपीएमचा डोस घाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अमोनिया ० आणि नायट्राइट ० आले पाहिजे. एक दिवस सोडून पुन्हा करा. दोन्ही वेळा जमले तर टाकी तयार.

आता नायट्रेट मोजा. चार डोस दिले असतील तर ते २९च्या आसपास असावे. ७० टक्के पाणी बदलले की १०च्या खाली येते. नवे खारे पाणी आदल्या दिवशी कालवून, तेवढ्याच तापमानाला आणि क्षारतेला आणून ठेवा.

रोज २ पीपीएम पचवणारी १५० लिटरची टाकी म्हणजे ३०० मिलिग्रॅम अमोनियाची ताकद. अंदाजे सांगायचे तर चार-पाच ग्रॅम खाद्यातून निघतो तेवढा. दोन लहान क्लाउनफिश दिवसाला त्याचा दहावा हिस्साही खात नाहीत. म्हणून सुरुवात दोन माशांनीच करा, आणि पैदास केंद्रात वाढलेले मासे मागा. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, तेव्हा समुद्रातून धरलेले घ्यायचे कारण उरत नाही. मासे मिळायला आठवडा लागणार असेल तर तोपर्यंत दर तिसऱ्या दिवशी १ पीपीएमचा डोस चालू ठेवा, नाहीतर जिवाणू उपाशी राहून ओसरतात.

मासे सोडल्यावर दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया मोजा. पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी.

मासे असताना अमोनिया ०.२५च्या वर खात्रीने दिसला तर खाद्य त्या क्षणी बंद, ४० टक्के पाणी बदला, आणि अमोनिया बांधून ठेवणारे कंडिशनर बाटलीवरच्या मापाने घाला. झिओलाइटचे दाणे गोड्या पाण्यात अमोनिया ओढतात. खाऱ्यात सोडियमच त्यांच्या जागा अडवतो, तेव्हा त्यांच्यावर पैसे घालवू नका. आणि अमोनिया असताना पीएच चढवणारे काहीही, चुन्याचे पाणी तर मुळीच, घालू नका: पीएच ८.० चा ८.३ झाला की मोकळा अमोनिया जवळजवळ दुप्पट होतो.

पावसाळ्यात माड तारेवर पडून वीज चार-पाच तास गेली तर पाणी हलते ठेवणे एवढेच काम. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवा, तो वीज जाताच आपोआप सुरू होणारा असला तर जास्त बरे. कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर असेल तर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिल्यावर तो तसाच सुरू करू नका; आतले जिवाणू गुदमरलेले असतात आणि साचलेले कुजके पाणी थेट टाकीत जाते. आधी उघडा, ते पाणी ओता, आतले तुकडे टाकीच्याच खाऱ्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या, मग जोडा, आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अमोनिया मोजा.